अकरा मंद क्वेसार

डॉन निबाल्दो उर्रेहोलांनी कागद टेबलावर ठेवला नाही, टाकला. तो घसरत पावाच्या टोपलीला अडला आणि यास्नासमोर थांबला.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं," यास्ना बार्रिएन्तोस म्हणाली.

"मोठ्यानं बोल, पोरी. मागच्यांनाही कळू दे."

"माझं आहे, डॉन निबाल्दो." त्या मुलखात वडीलधाऱ्यांच्या नावाआधी मानानं 'डॉन' लावत.

"आणि हा शेवटचा रकाना? अकरा ओळी आहेत. अकराही ओळींत काय लिहिलंयस, वाच."

"वायू नाही."

"वायू नाही!" त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "चौदा वर्षांपूर्वी ही माझ्या खोलीत बसून अकरा क्वेसार मोजते आणि अकराही वेळा लिहिते, वायू नाही. आज तीच उठून सांगते, चौथ्या क्वेसारापुढे वायूची भिंत उभी आहे. माझा साधा प्रश्न आहे. चुकलीस कधी? तेव्हा, की आता?"

ला सेरेना शहरातल्या त्या खगोलसंस्थेत दर मंगळवारी पाचला चहा, पाव आणि कुस्करलेला अवोकाडो मांडून ही चर्चा चाले. नवा लेख बाहेर पाठवण्याआधी तो इथं सोलून काढायचा, अशी रीत होती. पण सोलणं लेखाचं असे, माणसाचं नव्हे. आज चाकू कुठं फिरतोय हे सोळाच्या सोळा जणांना दिसत होतं, आणि सोळाही जण पावाला अवोकाडो लावण्यात गुंतले होते.

तेवढ्यात जमीन थरथरली, तिकडं नेहमी थरथरते तशी. कप बशीत किणकिणले. सगळ्यांनी एकदा छताच्या दिव्याकडे पाहिलं, दिवा थांबला, आणि डॉन निबाल्दो जिथं थांबले होते तिथूनच पुढं बोलू लागले.

"मी थांबलोय. उत्तर दे."

चूक तेव्हाची की आताची, हे यास्नालाही ठाऊक नव्हतं. अडचण तीच होती.

क्वेसार म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेच्या पोटातलं राक्षसी कृष्णविवर आणि त्यात कोसळणाऱ्या द्रव्याचा उजेड. असा क्वेसार साध्या दुर्बिणीत झगझगीत दिसतो, तसाच तो क्ष-किरणांतही दिसायला हवा. हे अकरा मात्र क्ष-किरणांत जेमतेम मिणमिणत होते. याची कारणं दोनच असू शकतात. एक तर ते जन्मतःच मंद असतील, नाही तर मध्ये दाट वायू असेल आणि तो त्यांचे किरण खात असेल. चौदा वर्षांपूर्वीच्या लेखानं ठणकावून सांगितलं होतं की वायू नाही, हे जन्मतःच मंद आहेत. लेखावर पहिलं नाव उर्रेहोला, दुसरं बार्रिएन्तोस. ती तेव्हा त्यांची विद्यार्थिनी होती. मोजणी सगळी तिची, नाव सगळं त्यांचं झालं. जगभर त्या क्वेसारांना 'उर्रेहोलाचे अकरा' म्हणू लागले. त्याच अकरांवर त्यांची बढती झाली, व्याख्यानं झाली, पदकही आलं.

आता यास्ना एकोणचाळीस वर्षांची होती. सहा वर्षं ती संस्थेत करारावर होती आणि पुढच्या बुधवारी तिला कायम करायचं की नाही यावर सात जणांची समिती मत देणार होती. सातांतले एक डॉन निबाल्दो होते. कायम झाली नाही, तर डिसेंबरात तिनं खोली रिकामी करायची होती. समितीपुढं ठेवायला तिच्याकडे एकच मोठी गोष्ट होती, चौथ्या क्वेसाराची नवी मोजणी. आजूबाजूच्या डोंगरांवरच्या दुर्बिणींचा दहा टक्के वेळ देशाच्या हक्काचा असतो. क्ष-किरण मात्र हवेतून खाली येत नाहीत, त्यासाठी उपग्रहच लागतो, आणि उपग्रहावर हक्क नसतो. तिथं साऱ्या जगाशी भांडून वेळ मागावा लागतो. दोनदा नकार पचवून तिसऱ्यांदा तिला एकतीस तास मिळाले होते. एकतीस तासांत दोनशे चौदा फोटॉन, म्हणजे किरणांचे सुटे कण, आले होते.

"दोनशे चौदा," व्लादिमिर पिनिया मान हलवत म्हणाला. तो डोंगरावरचा माणूस होता, साध्या उजेडाचा, आणि समितीतलाही. "तुम्हा क्ष-किरणवाल्यांचा हेवा वाटतो बुवा. दोनशे दाण्यांवर चौदा वर्षं भांडता. मला मिनिटाला लाखभर मिळतात, भांडायला सवडच होत नाही."

दोघं-तिघं हसले. डॉन निबाल्दो हसले नाहीत.

"मी हिला संधी देतो," ते म्हणाले. "बारा कागद देतो. एक खरा, अकरा बनावट. खरा कुठला आणि वायू कशाकशात आहे, एवढं ओळखून दाखव. हिच्या डोळ्याला वायू दिसतो का, ते तरी कळेल."

यास्नाचे कान तापले. ही परीक्षा संस्थेत जुनी होती आणि डॉन निबाल्दोंनीच सुरू केलेली होती. संगणकावर खोटे वर्णपट बनवायचे, त्यांत खरा मिसळायचा आणि नवख्याला निवडायला लावायचं. पहिल्या वर्षाच्या पोरांना ती देत. सहकाऱ्याला आजवर कुणी दिली नव्हती.

"द्या," ती म्हणाली.

*

बुधवारी सकाळी संचालक एलियाना लेकारोस यांनी तिला बोलावून घेतलं आणि दार आतून लावलं. एलियाना समितीच्या अध्यक्ष होत्या आणि त्यांना भांडणाचा मनापासून कंटाळा होता.

"हे बघ यास्ना, तू चुकली नाहीस आणि तेही चुकले नाहीत, असं काही निघू शकतं का?"

"म्हणजे?"

"ढग. चौदा वर्षांपूर्वी वायू नव्हता. मधल्या काळात एक ढग सरकत क्वेसारापुढं आला. असं होतं की नाही?"

"काही ठिकाणी होतं."

"मग झालं तर. जुना लेखही खरा, नवाही खरा. उलट ढग सरकताना सापडला म्हणजे जास्तच मोठी गोष्ट. म्हातारा खूश, समिती खूश. मी हात मोजलेत, तुला सांगू नये, पण सहा मतं पक्की आहेत."

"आणि ढगाला पुरावा?"

"तुझे जुने आकडे आहेत ना. तुझ्याच हातचे." एलियानांनी चष्मा काढून पुसला. "तू हट्टी आहेस, ते वाईट नाही. पण अगं, तुझा करार डिसेंबरात संपतोय आणि त्यांची निवृत्ती पुढच्या मार्चला आहे. डिसेंबरानंतर तीनच महिने त्यांना सांभाळायचंय."

यास्ना विचार करते म्हणाली आणि तिनं खरोखरच विचार केला. ढग वाईट नव्हता. पायऱ्या उतरेपर्यंत तिनं त्या लेखाचं पहिलं वाक्यही मनात जुळवलं होतं.

*

गुरुवारी पाकीट आलं. त्यावर डॉन निबाल्दोंच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'कु. बार्रिएन्तोस यांच्या डोळ्यांसाठी'. ती गेली अकरा वर्षं 'डॉ.' होती.

तिनं बाराही कागद टेबलावर ओळीनं मांडले. प्रत्येकावर डावीकडून उजवीकडं चढत जाणारी ऊर्जा होती आणि त्या त्या ऊर्जेचे किती फोटॉन आले त्याचे ठिपके. वायू आधी मऊ किरण खातो, कडक किरण त्यातून पार होतात. म्हणून वायू असला की कागदाची डावी बाजू ओस पडते. कुठवर ओस पडली, त्यावरून वायू किती दाट ते कळतं.

सात कागदांची डावी बाजू भरलेली किंवा थोडीच विरळ होती. उरलेल्या पाचांत ती साफ ओस होती. दोन, पाच, सात, आठ, अकरा. ओळखायला डोळे लागलेच नाहीत. तिला हसू आलं, आणि मग ते ओठांवरच राहिलं.

ओसाडी फार लांबवर गेली होती. पार चार किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या ऊर्जेपर्यंत एक ठिपका नव्हता. तिच्या चौथ्या क्वेसारात ती सव्वाच्या आसपास संपत होती; तशी एकट्या दहाव्या कागदात दिसत होती, म्हणजे खरा तोच. पाकिटातल्या चिठ्ठीवर म्हाताऱ्यानं लिहिलं होतं, 'वायू तू सांगतेस तेवढाच घातला आहे. कमी नाही, जास्त नाही.' वायू तेवढाच असेल, तर ओसाडी तिप्पट लांब कशी?

तिप्पट. तिनं पेन्सिल खाली ठेवली.

एवढ्या दुरून येता येता किरण ताणला जातो. तिथून सहाच्या ऊर्जेनं निघालेला इथं दोननं पोचतो. वायू क्वेसारापाशी असेल, तर तो आधी खातो आणि उरलेलं मग ताणलं जातं. म्हणून ओसाडीही तिपटीनं आखडून येते. वायू आपल्या दारात असेल, तर ताणणं आधीच झालेलं असतं, ओसाडी आखडत नाही. संगणकाला हे सांगावं लागतं. वायूच्या पुढं एक रकाना असतो, ताम्रसृतीचा, म्हणजे वायू किती दूर आहे त्याचा. त्यात शून्य राहिलं, तर वायू इथंच, आपल्या अंगणात.

डॉन निबाल्दोंनी क्वेसाराला दूर ठेवलं होतं आणि वायूला अंगणात.

असं कसं झालं, तेही तिला लगेच कळलं. ते जवळच्या दीर्घिकांवर वाढलेले. जवळच्या दीर्घिकेला तो रकाना शून्य असला काय, नसला काय, फरक पडत नाही. तीस वर्षांपूर्वी त्यांनी एक साचा करून ठेवला होता आणि आजही बनावट वर्णपट त्याच साच्यातून काढले होते.

तिला आनंद झाला. हे तिनं स्वतःपासून लपवलं नाही. म्हाताऱ्यानं तिच्यासाठी खड्डा खणला आणि फावडं तिथंच विसरला. मंगळवारी सोळा जणांसमोर हे कसं मांडायचं, आवाज किती खाली ठेवायचा, कुठं थांबायचं, सगळं तिच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं.

मग तिला आठवलं की तो साचा त्यांनी विद्यार्थ्यांनाही दिला होता.

*

शुक्रवारी तिनं तेव्हाच्या कामाची जुनी संगणक-तबकडी शोधून काढली. 'अकरा' नावाच्या कप्प्यात साचा होता. वरती तारीख, तिच्या नावाची अक्षरं. नवव्या ओळीत वायू, त्यापुढं ताम्रसृती, त्यापुढं शून्य. तिनं क्वेसाराचं अंतर प्रत्येक वेळी बदललं होतं, अकरा वेळा, काळजीपूर्वक. वायूच्या रकान्याला हात लावला नव्हता. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती आणि डॉन निबाल्दोंच्या साच्यात काही चुकू शकतं, हा विचार तिच्या डोक्यात आला नव्हता.

तिनं दुपारभर बसून सगळं पुन्हा मोजलं, या वेळी वायू क्वेसारापाशी ठेवून. जुनी मर्यादा सतरा पट सैल झाली. जिथं तिनं 'वायू नाही' लिहिलं होतं तिथं खरं तर लिहायला हवं होतं, 'वायू भरपूर असू शकतो, आम्हाला सांगता येत नाही'. अकरांपैकी चार क्वेसार तरीही मंदच राहिले. सातांचं काहीच सिद्ध झालेलं नव्हतं. आणि चौथ्याच्या जुन्या मोजणीत नव्या मोजणीइतकाच वायू चपखल बसत होता.

म्हणजे ढगही नव्हता. चौदा वर्षांत काहीच हललं नव्हतं.

शनिवारी ती घरीच होती. रविवारी बहिणीच्या घरी मुलांसाठी सोपाइपिया, म्हणजे भोपळ्याच्या पुऱ्या, तळताना बहिणीनं विचारलं, "कायम झालीस की घर घेणार ना गं?" ती हो म्हणाली. ढगाचा लेख लिहिला तर कुणाला कळेल, याचा तिनं हिशेब केला. जर्मनीत एक जण होता, जपानात दोघी. ते जुने आकडे पुन्हा मोजायला कधी बसतील, सांगता येत नव्हतं. कदाचित पाच वर्षांनी, कदाचित कधीच नाही. आणि तिनं तो साचा उघडलेला कुणी पाहिलं नव्हतं.

*

सोमवारी अकरा वाजता ती डॉन निबाल्दोंच्या खोलीत गेली.

"बस."

"उभीच बरी आहे. तुम्ही घातलेला वायू दोन, पाच, सात, आठ आणि अकरामध्ये. खरा कागद दहावा."

त्यांनी खणातून चिठ्ठी काढून ताडून पाहिली. "बरोबर. नशीबवान आहेस."

"नशीब नाही. तुमच्या साच्यात वायूचा रकाना शून्य आहे. वायू तुम्ही आपल्या अंगणात घातलात."

"काय बडबडतेस?"

तिनं साच्याचा कागद पुढं केला आणि नवव्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पेन्सिल घेतली, कागद पालटला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडायला सुरुवात केली. ते आकडे सुबक काढत, विद्यार्थ्यांनाही तसेच काढायला लावत. एक ऊर्जा घेतली, ताणली. दुसरी घेतली, ताणली. तिसऱ्या ओळीशी त्यांचा हात मंदावला. त्यांनी उत्तराखाली दोन रेघा ओढल्या, मग पेन्सिलीला टोक काढलं, खरं तर त्याची गरज नव्हती.

"अकरांपैकी किती?" त्यांनी विचारलं.

"सात गेले. चार उरतात."

"कुठले चार?"

तिनं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, जणू त्या चारांबद्दल त्यांना कधी शंका नव्हती.

"साचा माझा," ते म्हणाले. "ओळ बघणं तुझं काम होतं."

"होतं. आणि माझं काम तपासणं तुमचं."

"तोंड सांभाळून."

"आत्तापर्यंत सांभाळलंच की."

ते मागे टेकले. "एलियानानं तुला ढग देऊ केलाय. घे तो. मीही घेतो."

"ढग नाहीये, डॉन निबाल्दो. जुन्या मोजणीतही वायू तेवढाच आहे."

"ते तुला माहीत आहे आणि आता मला. आणखी कुणाला?"

तिनं साच्याचा कागद उचलून त्याची घडी घातली.

"मग नीट ऐक," त्यांचा आवाज अगदी साधा होता. "ढग घेतलास तर बुधवारी माझं मत तुला. सातही मतं तुला. तोंड उघडलंस तर पहिला प्रश्न तुलाच विचारला जाईल आणि तो मी विचारीन. जिला एक रकाना भरता आला नाही, तिला जन्मभराची खुर्ची द्यायची का? मी हे फार चांगलं विचारीन."

"ते तुम्हाला जमतंच."

"तुला वाटतंय, मला पाडायला निघालीस. अगं, आपण एकाच फांदीवर बसलोय."

"फांदी कापलेलीच आहे. चौदा वर्षं झाली."

"दार लावून घे," ते म्हणाले. "बाहेरून."

*

मंगळवारी टोपलीत पाव तसाच होता, पण नेहमीपेक्षा माणसं जास्त होती. परीक्षेचा निकाल ऐकायला डोंगरावरचे दोघं सुट्टी असून आले होते. व्लादिमिरनं शेजाऱ्याला विचारलेलं सगळ्यांना ऐकू गेलं, "पैज लावणार का?"

यास्नानं निकाल एका वाक्यात सांगितला आणि तो बरोबर असल्याचंही. मग तिनं पडद्यावर साच्याची नववी ओळ दाखवली. आवाज खाली ठेवायचं तिनं ठरवलं होतं, पण आवाज खाली राहीना, तो वर चढला आणि एकदा फाटलाही. तरी तिनं क्रम सोडला नाही. शून्य. अंगण. तिप्पट. सतरा पट. अकरांतले सात.

"चौदा वर्षांपूर्वीचा लेख चुकीचा आहे," ती म्हणाली. "मोजणी मी केली होती. ती ओळ मी बघायला हवी होती. बघितली नाही. चूक माझी आहे. ढग वगैरे काही नाही. वायू तिथं पहिल्यापासून आहे."

एलियानांनी कप खाली ठेवला. ढग त्यांनी कुणाकुणाला सांगून ठेवला होता, ते त्या आठवत असाव्यात.

"म्हणजे मी गेली दहा वर्षं पोरांना हे अकरा शिकवतोय," व्लादिमिर म्हणाला, आणि या वेळी त्याच्या बोलण्यात गंमत नव्हती.

"डॉन निबाल्दो," एलियाना म्हणाल्या, "हे असं आहे का?"

म्हातारा उठला. ते नाही म्हणाले असते, तर खोलीतल्या निम्म्या लोकांना ते खरं वाटलं असतं. यास्नाला ते ठाऊक होतं, त्यांनाही.

"गणित बरोबर आहे," ते म्हणाले. "मी स्वतः तपासलं."

आणि मग त्यांनी सोमवारी सांगितलेलं सगळं केलं. ही चूक पहिल्या वर्षाच्या पोरानंही करू नये. ही चूक जिनं अकरा वेळा केली, तिच्या नव्या दोनशे चौदा फोटॉनांवर कुणी का विश्वास ठेवावा? साचा शिक्षकानं दिला, हे कारण होऊ शकतं का? शिक्षक चष्मा देतो, त्यातून बघायचं काम कुणाचं? वीस मिनिटं ते बोलले, एकदाही न अडखळता. यास्ना उभी होती. मधे एकदा कुणीतरी तिला खुर्ची सरकवली, ती बसली नाही.

"झालं तुमचं?" ते थांबल्यावर तिनं विचारलं.

"सध्यापुरतं."

"मग साचा कुणी तपासला नाही, तेही सांगा. चौदा वर्षांत त्यातून नऊ विद्यार्थी गेले."

डॉन निबाल्दोंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नऊ जणांचे लेख कुणीतरी आता उघडणार, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. चेहरा मात्र हलला नाही.

"आठ," ते म्हणाले. "नववा भौतिकी सोडून दारूच्या धंद्यात गेला."

एलियानांनी चर्चा संपवली. दुरुस्तीचा मसुदा लिहून उद्या बाराच्या आत मतदानाच्या फायलीला जोडायचा, जोडला नाही तर मत होणार नाही, एवढंच त्या जाता जाता यास्नाला म्हणाल्या. हा हुकूम होता की सूड, ते कळायला मार्ग नव्हता.

*

मसुदा तिनं त्याच दिवशी लिहून दोघांची नावं घालून त्यांच्या खोलीच्या दाराखालून सरकवला. जुन्या लेखाचे ते पहिले लेखक होते, त्यांच्या संमतीवाचून दुरुस्ती जाऊ शकत नव्हती. ते सही करणार नाहीत, असं तिनं धरून ठेवलं होतं. सही नाही तर मसुदा नाही, मसुदा नाही तर मत नाही. त्यांना आणखी काही करायचीही गरज नव्हती, बारा वाजेपर्यंत खोलीत बसून राहिलं की पुरे.

बुधवारी पावणेअकराला ते तिच्या खोलीत आले. दार वाजवलं नाही. हातात मसुदा होता, लाल पेन्सिलीनं भरलेला.

"'मोजणी दुसऱ्या लेखिकेनं केली' हे वाक्य हवं," ते म्हणाले.

"ठेवा. त्यापुढं 'साचा पहिल्या लेखकानं पुरवला' हेही."

"लिही."

तिनं दोन्ही वाक्यं लिहिली. त्यांनी उभ्या उभ्या वाचली, एक स्वल्पविराम काढायला लावला.

"आता तक्ता. नववा क्वेसार." त्यांनी लाल खूण दाखवली. "अंतराचा आकडा आठव्याचा आलाय. वरची ओळ खाली उतरवलीस."

"नाही. मी दोनदा—"

"तिसऱ्यांदा बघ."

तिनं मूळ यादी उघडली. आठव्याचा आकडा नवव्यापुढं होता. तिनं तो बदलला, मोजणी पुन्हा चालवली. नवव्याची मर्यादा बदलली. सातात तो होताच, सातातच राहिला, पण छापलेला आकडा चुकीचा गेला असता. दुरुस्तीच्या लेखात चूक. तो कागद बाराला समितीपुढं आला असता आणि त्यावर बोट ठेवायला सात जणांत एकच माणूस बसला होता.

"हे तुम्ही समितीतही दाखवू शकला असता."

"असता," ते म्हणाले. "मत मी तुझ्याविरुद्धच देणार आहे. भ्रम नको. पण या कागदावर माझं नाव आहे, आणि तेही वर. माझ्या नावाचा कागद एकदा चुकीचा गेलाय."

त्यांनी सही केली, दाबून, कागद जवळजवळ फाटेल अशी. मग पेन्सिल खिशात घातली.

"आणि आभार मानू नकोस."

"मानत नव्हतेच."

ते गेले. तिनं मसुदा छापला, फायलीला जोडला आणि अकरा पंचावन्नला एलियानांच्या सचिवाकडे दिला. मग खिडकीपाशी उभी राहिली. समुद्रावरचं धुकं अजून शहरात होतं. एवढं धुकं वर चढलं, तर डोंगरावरच्या माणसांची रात्र खराब जाते. तिला काही फरक पडत नव्हता, तिचा उपग्रह धुक्याच्या फार वर होता.

एक वाजून चाळीस मिनिटांनी व्लादिमिरनं दारातून डोकं घातलं.

"चार विरुद्ध तीन," तो म्हणाला. "कायम. अभिनंदन वगैरे."

"विरुद्ध तीन कोण?"

"मत गुप्त असतं." तो घुटमळला. "एकानं मात्र आपलं मत उघड सांगितलं. कारणासकट. पंधरा मिनिटं."

"कसं बोलले?"

"फार चांगलं. मला जवळजवळ पटलं होतं." आणि तो गेला. चारांत तो होता की तीनांत, हे त्यानं सांगितलं नाही.

यास्नानं संगणक उघडला. नियतकालिकाचं पान, दुरुस्तीचा विभाग, फाईल जोडा. लेखकांची नावं विचारणारा रकाना आला. तिनं भरला: उर्रेहोला, बार्रिएन्तोस. मग सगळा मसुदा पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला, तक्त्यातल्या अकराही ओळी मूळ यादीशी एकेक करून बोटानं ताडून पाहिल्या, आणि दोन वाजून पंचवीस मिनिटांनी तो पाठवून दिला.